पाकिटावर वहिनींचा फोटो

ही गोष्ट सांगायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. कोणी आमच्या मसाल्याचा विषय काढला की मी बदनावर मंडीतल्या सोयाबीनच्या भावावर घसरायचो. आता वहिनी नाहीत, आणि घरात सगळ्यांना अजून वाटतं की तो मसाला त्यांच्या हातून बिघडला. तसं झालं नव्हतं.

वहिनी धारला राहत, मी देवासला. दादा गेल्यावर त्या काळा मसाला करून विकू लागल्या. कधी बरणीत, कधी वर्तमानपत्राच्या पुडीत, कधी मिठाईच्या रिकाम्या डब्यात. शाळेतून निवृत्त झालो आणि मी त्यात शिरलो. म्हटलं, माल उत्तम आहे, पण त्याला ओळख नाही. मग एकच पिवळं पाकीट ठरवलं, एकाच वळणाची लाल अक्षरं, पिशवीवर आणि पावतीवरही तीच. मधोमध वहिनींचा फोटो.

"अहो भावजी, माझं तोंड कशाला? लोक मसाला घेतात की मला?"

"तुम्हालाच घेतात, वहिनी."

हे मी मनापासून म्हणालो होतो. वर्षभरात देवासचे किराणावाले पाकीट लांबून ओळखू लागले. फोटोखाली मी छापून घेतलं होतं: दर वेळी तीच चव.

वहिनींची एक रीत होती. नव्या मसाल्याची पहिली आमटी देवाला. नैवेद्य दाखवेपर्यंत मसाला जिभेला लावायचा नाही. तोवर सगळा कारभार नाकावर. खोबरं पुरेसं भाजलं का, दगडफूल जास्त झालं का, हे त्या वासावरून सांगत. एकदाही चुकल्या नाहीत.

एका दिवाळीआधी मागणी एकदम वाढली. वहिनी म्हणाल्या, "दोन हातांनी होईल तेवढंच होईल." मी मात्र दुकानदारांना शब्द देऊन बसलो होतो. देवासच्या एका गिरणीतून तयार मसाला आणला आणि आमच्या पाकिटांत भरला. रंग जवळजवळ तसाच होता. वहिनींना सांगितलं नाही.

पाकिटावर पत्ता धारचा, म्हणून तक्रार थेट तिथे पोचली. मी त्या दिवशी माल न्यायला गेलो होतो. देवासचा एक किराणावाला दारात उभा राहिला, हातात आमची चार पाकिटं.

"भिया, ये क्या भेज दिया? फोटो माताजी का और अंदर बुरादा?" आमच्या मसाल्याला तो भुसा म्हणत होता.

वहिनींनी एक पाकीट फोडलं, नाकाजवळ नेलं. माझ्याकडे पाहिलं.

"भावजी, हा माझा नाही."

पुतण्या आणि सूनबाई आतून बाहेर आले. सगळे माझ्याकडे बघू लागले. एक वाक्य बोललो असतो तर संपलं असतं. दुकानदारासमोर माझी अब्रू गेली असती, इतकंच.

"वहिनी, वय झालं आता," मी म्हणालो. "नाक दगा देतं. किती वेळा म्हटलं, आधी चाखून बघत जा."

"आई, काका बरोबर सांगतायत," पुतण्या म्हणाला.

वहिनींनी चिमूटभर मसाला उचलला आणि सगळ्यांसमोर जिभेवर ठेवला. देवाला न दाखवलेला. आता त्या म्हणणार, हा गिरणीचा आहे.

"असेल," त्या म्हणाल्या. "माझंच चुकलं असेल." मग दुकानदाराकडे वळून हात जोडले, "भैया, गलती हो गई."

मला वाटलं, त्या मला पाठीशी घालतायत. पुढे कळलं, तसं नव्हतं. त्यांनी माझं खरं मानलं होतं. मसाला तर बंदच केला, पण घरची फोडणी करतानाही सुनेला हाक मारायच्या, "अगं, वास घेऊन बघ, करपली तर नाही ना? मला मेलीला आता कळत नाही."

त्यानंतर मी बऱ्याचदा धारला गेलो. दर वेळी बसमध्ये तेच घोकत जायचो. पोचल्यावर तब्येत विचारायचो, चहा प्यायचो आणि परतीची बस धरायचो. शेवटच्या खेपेला त्या अंथरुणावर होत्या, खोलीत दोघंच होतो. तेव्हाही तोंडून निघालं ते, "औषध वेळेवर घेता ना?"

घोकलेलं इतकंच होतं: वहिनी, तो मसाला गिरणीचा होता. मी भरला होता. तुमचं नाक बरोबर होतं. मला क्षमा करा.