संभादाचा हॅमर आणि आबा

आम्ही जुने थ्रोअर चहाला जमलो की संभादाचेच किस्से निघतात. एक सांगावा तर त्याला धरून दुसरा येतो. माणूसच तसा! शाळेत हॅमर फेकायला लागला, तो पन्नाशी उलटली तरी मास्टर्स स्पर्धांना जातोय. मी त्याच्याबरोबरचा थाळीफेकवाला. जिंकलो कमी, हसलो जास्त.

एकदा आम्ही एसटीनं जयसिंगपूरला स्पर्धेला निघालो होतो. वाटेतली बॅग सरकवायला कंडक्टर वाकला, तर बॅग हलेना. आत हॅमर, म्हणजे तारेला लावलेला सात किलोंवरचा लोखंडी गोळा!
"पावणं, ह्येचं अर्धं तिकीट काढा!"

सराव गडमुडशिंगीतल्या एका पडीक रानात चालायचा. एकदा हॅमर लवकर सुटला आणि शेजारच्या उसात गेला. पाल्यानं हात कापले, पण सापडेना. मालक बांधावरनं म्हणाला, "कशाला जीव काढतायसा? ऊस तुटला की गावंल की!"

ऊसतोड येईपर्यंत संभादानं दोरीला दगड बांधून सराव केला. मग हॅमर गावला. तोडकरी बाईनं त्याचा चुलीचा तिसरा दगड केला होता! भाकरी होईपर्यंत आम्ही थांबलो.

संभादाचे वडील, आबा, जुने पैलवान. पोरानं तालीम सोडून लोखंड धरलं याचा त्यांना राग. संभादा राज्यात पहिला आला, मेडल आबांपुढं ठेवलं.
"समोर कोण हुतं?"
"कोण नसतंय, आबा. लांब टाकायचा असतोय."
"मग पाडलास कुणाला?"

आम्ही हसलो, संभादा हसला नाही. आबांनी एकदा मैदानावर येऊन आपला हॅमर बघावा, एवढंच त्याला हवं होतं.

त्यात हॅमरची स्पर्धा भल्या सकाळी. कुणाच्या डोक्यात बसू नये म्हणून लोक यायच्या आत उरकतात. एका वर्षी आबा न सांगता आले, फेटा बांधून, हलगीवाला घेऊन! पण आले दुपारी. कुस्तीच्या मैदानात मोठी जोड, म्हणजे मोठ्या पैलवानांची लढत, शेवटी लागते ना! संभादा तोवर जिंकूनही बसला होता.
"चांगली जोड पयली लावत्यात व्हय?" म्हणत आबा फणफणत परत गेले. हा किस्सा आम्ही हसत सांगतो, पण संभादा नसताना.

पुढं खांद्याचा डॉक्टर म्हणाला, "आता बास करा."
संभादा म्हणाला, "आबांनी अजून बघितलं न्हाय."
आणि त्याच सुमाराला शुगरनं आबांची नजर गेली.

गेल्या थंडीत आबाच म्हणाले, "चल, ने मला." संध्याकाळी मैदान मोकळं होतं. हॅमर अडवायच्या जाळीमागं खुर्ची टाकून त्यांना बसवलं, मी शेजारी उभा राहिलो. संभादा फिरला, ओरडला, हॅमर सुटला. वेग पूर्वीच्या मानानं काहीच नाही. मी आबांना सांगायला तोंड उघडणार, तोच आबांनी माझं मनगट दाबलं. मान तिरकी करून ते ऐकत होते.

पलीकडं गवतात धप्प झालं.

"आयला संभा," आबा म्हणाले, "केवढ्या लांबनं आला रं आवाज!"