नाकारलेली भाडेकरू

निवृत्तीनंतर हातात आलेल्या पैशांचं काय करायचं, यावरून आमच्या घरात महिनाभर वाद चालला. बायकोचं म्हणणं, बँकेत ठेवा. माझा हट्ट फ्लॅटचा. पेन्शनला भाड्याचा हातभार लागेल, हे मी तिला सांगायचं कारण. मनातलं कारण वेगळं होतं. गंगापूर रोडला एखाद्या दारावर आपल्या नावाची पाटी असावी, एवढंच. शेवटी एका आतल्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके घेतला.

पहिलीच भाडेकरू मनासारखी मिळाली. मालेगावची मुलगी, जवळच्या दवाखान्यात नर्स. वडील पॉवरलूमवर कामाला. आईला सोबत घेऊन ती घर बघायला आली. आईनं स्वयंपाकघरातला नळ सोडून पाण्याचा जोर पाहिला. मुलीनं विचारलं, "सर, माझ्या ड्युटीच्या वेळा बदलत्या असतात. गेटला कुलूप असतं का?"

"किल्ली देईन की तुला," मी म्हणालो.

सोमवारी करार करायचं ठरलं. रविवारी सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला.

"सर, घर तुमचं, आम्ही कोण सांगणारे? पण मुसलमान भाडेकरू म्हटल्यावर मंडळी कुरकुर करताहेत. उद्या फ्लॅट विकायला काढलात तर गिऱ्हाईक मिळेल का, याचाही विचार करा."

पुढचं ऐकू आलं नाही. 'गिऱ्हाईक मिळेल का' एवढंच डोक्यात राहिलं. आयुष्यभर मी पोरांना नागरिकशास्त्र शिकवलं होतं. सेक्रेटरींना काय उत्तर द्यायचं, ते मला पाठ होतं. मी फोन लावला तो त्या मुलीला.

"बेटा, जरा अडचण झाली. माझा पुतण्या येतोय तिथं राहायला."

"ठीक आहे, सर," ती म्हणाली. तिच्या आवाजात आश्चर्य अजिबात नव्हतं. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मागे वळलो तर बायको दारात उभी.

"पुतण्या?" ती म्हणाली. "अहो, आपल्यालाही हेच सांगितलं होतं ना?"

आम्ही बौद्ध. बदली होऊन नाशकात आलो तेव्हा एका घरमालकानं खोली दाखवली, भाडं ठरवलं, शेवटी आडनाव विचारलं. दुसऱ्या दिवशी सामानाचा टेम्पो घेऊन गेलो, तर खोली त्याच्या पुतण्याला दिलेली. तान्ही मुलगी कडेवर घेऊन बायको त्या रस्त्यावर उभी होती. माझ्या त्या फोननंतर फ्लॅटचा विषयच तिनं सोडून दिला.

नंतर चार महिने घर बंद. मेंटेनन्स मात्र भरावाच लागत होता. शेवटी सेक्रेटरींनीच आपल्या नात्यातला एकजण आणला, कंपनीत नोकरीला. "घरातली माणसं आहेत, सर, त्रास नाही," म्हणत भाडंही कमी करायला लावलं. मी केलं.

थंडीत त्यांचा गीझर बिघडला, म्हणून मी प्लंबर घेऊन गेलो. सेक्रेटरीही आले. भाडेकरूच्या बायकोनं चहा केला. सेक्रेटरींना आणि प्लंबरला कपबशी दिली. माझा चहा कागदी ग्लासात होता. तिनं तो माझ्या हातात दिला नाही, समोरच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. सेक्रेटरींनी पाहिलं आणि पंख्याकडे बघत बसले.

उठून जावं, असं वाटलं. मग मनात आलं, हे लोक गेले तर घर पुन्हा बंद पडेल. मी तो ग्लास उचलला, चहा संपवला आणि "चहा छान झालाय," असंही म्हणालो.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "झालं काम?"

"झालं," मी म्हणालो. "कॉइल गेली होती."