टेप न लावता कापलेलं

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक शिवणकाम करणारी बाई राहायची. अंगानं चिपाड, तोंडानं फटकळ. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी वय विचारलं, गोळ्या लिहिल्या, गोड बंद केलं. वर्षभर बरं चाललं. मग गोळ्या वाढत गेल्या तरी साखर उतरेना, आणि बाई मात्र वाळत चालली.

घरच्यांनी आपलं निदान करून टाकलं, ही चोरून खाते.

"वहिनी, खरं सांगा, दुपारी तोंडात काय टाकता?" नणंद विचारायची.

"टाचण्या."

हसण्यावारी नेलं तरी ते तिला लागत होतं. एक दिवस नवऱ्यानं साखरेचा डबा कपाटात ठेवून कुलूप घातलं. बाई हातातलं काम टाकून तडक दवाखान्यात.

"डॉक्टर, पोरगी दहा वर्षांची आहे, शिवा फ्रॉक, असं कुणी सांगितलं तर मी कापडाला कात्री लावत नाही. आधी टेप लावते. तुम्ही माझं वय ऐकलंत आणि कापून मोकळे झालात. माप कुठं घेतलंत?"

डॉक्टर तापले. मग तिच्या काडीसारख्या मनगटाकडे त्यांचं लक्ष गेलं. रक्त पुन्हा काढलं, निराळ्याच तपासणीसाठी.

आठवड्यानं नवऱ्याला घेऊन ती रिपोर्टला गेली.

"चुकलंच माझं, वय ऐकून मोठ्यांचा नेहमीचा मधुमेह धरला," डॉक्टर म्हणाले. "रोगाशी लढणाऱ्या पेशी तुमच्यात घरच्यांवरच उलटल्यात. इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारतायत. लहान पोरांत हे बहुधा झपाट्यानं होतं. तुमच्यात रेंगाळत चाललंय."

"रेंगाळत का?"

"लढणाऱ्यांना आवरणाऱ्याही पेशी असतात. तुमच्यात त्या अजून नेट धरून असाव्यात. नक्की कुणालाच उमगलेलं नाही."

"म्हणजे आत भांडण सोडवणारं कुणीतरी आहे म्हणा की!" बाई खुर्चीत पुढं सरकली. "आणि माझं स्वतःचं इन्शुलिन?"

"थोडं उरलंय. बाकीचं आजपासून टोचून घ्यायचं."

"घेईन. पण आधी यांना सांगा, मी चोरून खाल्लं का?"

"नाही. यात खाण्याचा दोष नाही."

नवरा ओशाळला. मग म्हणाला, "डॉक्टर, त्या आवरणाऱ्या पेशी उसन्या मिळतात का? आमच्या बहिणीला थोड्या हव्या होत्या."