बारशाआधीची

लासुर्ण्यात प्रयागबाईच्या तोंडी लागायला माणसं भ्यायची. नळावर तिची घागर आली की बाकीच्या आपोआप मागं सरायच्या. पण सून शालनला दिवस गेले की भाकरीवर लोण्याचा गोळा तीच ठेवायची. बाई वाईट नव्हती. आपलंच खरं करायची, एवढंच.

शालनला चौथा महिना लागला, तेव्हा अंगणवाडीत रश्मी सिस्टर तपासणीला आल्या. पोट तपासून त्यांनी तिला विचारलं, "याआधी किती खेपा झाल्या?"

शालननं तोंड उघडायच्या आत प्रयागबाई म्हणाली, "पयलीच हाय."

"दिवस भरायच्या आधी कधी मोकळी झाली होती का?"

"न्हाय म्हणलं न्हवं!"

आदल्याच वर्षी सहाव्या महिन्यात शालन मोकळी झाली होती. पोरगं घटकाभर जगलं. नवऱ्यानं, सोमनाथनं, ते उसाच्या बांधाला पुरलं. पण ज्याचं बारसं झालं नाही ते पोर प्रयागबाईच्या घरात मोजणीत धरतच नसत. त्याचा विषय काढला की पुढच्याला दृष्ट लागते, हे तिच्या सासूनं तिच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. शालन पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

पुन्हा सहाव्याच महिन्यात कळा सुरू झाल्या. जीप करून बारामती गाठली, पण उशीर झाला होता. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. दुपारपर्यंत तीही गेली.

सोमनाथनं आदल्या पोराचं सांगितलं, तशा डॉक्टरीणबाई चिडल्या. "पहिल्या खेपेचं आधी सांगितलं असतं तर चौथ्या महिन्यातच पिशवीच्या तोंडाला टाका घातला असता. कदाचित राहिलं असतं."

घरी येऊन प्रयागबाई चुलीपुढं बसली, तव्यावरची भाकरी करपली तरी हलली नाही. त्या 'कदाचित'नं तिचं काळीज कुरतडून काढलं. सुनेशी मात्र ती त्यावर अवाक्षर बोलली नाही. बोलायचं कसं, हेच तिला ठाऊक नव्हतं.

पुढं शालनला परत दिवस गेले. या वेळी प्रयागबाईनंच तिला लवकर अंगणवाडीत नव्यानं आलेल्या सिस्टरांपुढं नेऊन बसवलं.

"कितवी खेप?"

शालननं घाबरून सासूकडं पाहिलं आणि खाली मान घालून म्हणाली, "पयलीच."

आपलाच शब्द पोरीच्या तोंडून ऐकून प्रयागबाई पुढं सरकली. "न्हाय, सिस्टर. तिसरी हाय. पयला मुलगा, दुसरी मुलगी."

शालनला हुंदका आवरेना. त्या दोघांसाठी ती चारचौघांत कधी रडलीच नव्हती. "आत्या, तुमीच म्हणला हुता, बारशाआधीची धरायची न्हायत!"

"म्हणलं हुतं." प्रयागबाई भिंतीकडं बघत राहिली. "माझी बी दोन हायत तसली. सासूनं तोंडसुदिक बघू दिलं न्हाय."