विलायतेहून आलेले तीन स्क्रू

"मोठ्यानं बोल. मागच्या पानापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

माझे वडील वकिलांच्या अंगणात उभे होते. पायऱ्यांपासून दहा हात लांब, बैल बांधायच्या जागी. वर ओसरीवर वकील, शास्त्रीबुवा आणि त्यांच्या जातीची वीस-बावीस माणसं पाटांवर बसली होती. पानं मांडलेली. भात वाढलेला. पण कोणी हात लावला नव्हता. सगळे बाबांच्या बोलण्यासाठी थांबले होते.

एका माणसाने वरून तुळशीचं पान सोडलं. हातावर ठेवलं नाही. सोडलं. ते वाऱ्याने बाजूला गेलं आणि शेणात पडलं. बाबांनी वाकून उचललं, धोतराला पुसलं, तळहातावर घेतलं.

"वकील सरकारांच्या पायातले स्क्रू विलायतेहून आले. मी केले नाहीत. माझ्या घरात झाले नाहीत."

"तुळशीची शपथ?"

"तुळशीची शपथ."

"हां. तूप वाढा," शास्त्रीबुवा म्हणाले.

जेवण सुरू झालं. ओसरीवरून एकजण म्हणाला, "जिनगर आणि हाडं सांधणार? उद्या खोगीर शिवता शिवता नाडीही बघेल." सगळे हसले. बाबाही हसले. थोडंसं, तोंड खाली घालून. त्या शपथेपेक्षा मला त्या हसण्याची लाज अजून वाटते.

मी त्यांच्या शेजारी उभी होते. वय चौदा. ते तीन स्क्रू कागदावर मी काढले होते. लोखंड बाबांनी कातलं होतं. त्यांचे आटे माझ्या हाताने साफ केले होते.

नातवंडांनो, तुमच्यापैकी धाकट्याचं रंगूनहून पत्र आलं आहे. त्यात त्याने माझ्याकडे एक गोष्ट मागितली आहे. तिचं उत्तर मी शेवटी देणार आहे. मला क्रमाने सांगायची सवय आहे, आणि हे सगळं कळल्याशिवाय ते उत्तर कळणार नाही.

आपण जिनगर. आपले जुने लोक घोड्यांची खोगिरं करत, तलवारींची म्यानं करत. तलवारी गेल्या, घोडे कमी झाले, तेव्हा ते कुलपं आणि घड्याळं दुरुस्त करू लागले. चामड्याला हात लागलेला म्हणून आमच्या हातचं पाणी कोणी घेत नसे. घड्याळ मात्र घेत. ठाण्यात बाजारामागच्या गल्लीत आमचं दोन खणांचं घर होतं. पुढच्या खणात बाबांचा पायाने चालवायचा छोटा लेथ. बड्या घरांची घड्याळं तिथे येत. खाडीकडच्या इस्पितळातल्या कात्र्या आणि चिमटेही येत. मी मिशनच्या शाळेत जात होते. इस्पितळाच्या गोऱ्या सर्जनच्या इंग्रजी चिठ्ठ्या बाबांना वाचून दाखवणं हे माझं काम.

वकिलांचा टांगा कल्याणहून येताना उलटला होता. नडगीचं हाड तिरपं मोडलं. पाच महिने फळ्या बांधून ते जुळलं नाही. सर्जन साहेबाने ठरवलं, पाय उघडायचा आणि हाडाचे दोन तुकडे स्क्रूने एकमेकांना आवळायचे. ते जमलं नाही तर गुडघ्याखाली पाय कापायचा. त्याने कागदावर स्क्रूचं चित्र काढून पाठवलं. खाली लिहिलं होतं, हा बनवता येईल का?

ते चित्र सुताराच्या स्क्रूचं होतं. वर जाड, खाली निमुळता, टोकदार.

बाबांनी तसा केला. आता तो हाडात लावून बघायला हवा. आमच्या घरी मटण शिजायचं, म्हणून मी रश्श्यातली नळी उचलून आणली. स्क्रू दोन वेढे गेला आणि नळीचा भुगा झाला. दुसरी आणली. तिचाही भुगा. आई म्हणाली, "रस्सा माणसांसाठी केलाय की लेथसाठी?" दोन दिवस आम्ही बापलेक शिजलेल्या हाडावर प्रयोग करत होतो आणि लोखंडाला दोष देत होतो. मग माझ्या लक्षात आलं. वकिलांचा पाय काही कोणी शिजवलेला नाही. मी खाटकाकडून कच्ची नळी आणली. ओली, जड, चिवट.

कच्ची नळी भुगा झाली नाही. ती उभी चिरली. स्क्रू जसा खाली जाई, तसा त्याचा जाड भाग हाडाला आतून फाकवत जाई. बाबा बराच वेळ ती चीर बघत बसले. मी म्हणाले, "लाकूड दबतं. हे दबत नाही. हे पितळेसारखं आहे."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. घड्याळाच्या पितळी पत्र्यात कोणी टोकदार स्क्रू दामटत नाही. आधी सामत्याने, दोरीने फिरवायच्या गिरमिटाने, बेताचं भोक पाडतात, मग त्या भोकात आटे पाडतात, मग त्याच मापाचा सरळ स्क्रू बसवतात. साहेब सुतारासारखा विचार करत होता. आम्ही घड्याळजी होतो.

मी नवं चित्र काढलं. वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचा. टोक बोथट. आटे उथळ आणि जवळजवळ. सोबत एक खाचा पाडलेला कडक स्क्रू, भोकात आटे कापण्यासाठी. अकरा नळ्या लागल्या. अकरावीत स्क्रू बसला, आणि आम्ही दोघांनी दोन बाजूंनी ओढूनही ते हाड उकललं नाही. बाबांनी तिन्ही स्क्रूंच्या डोक्यावर आपली खूण केली. दोन ओरखडे आणि एक टिंब. दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणाआड ते ती खूण करत. त्या दिवशी त्यांनी ती केली आणि म्हणाले, "बयो, ही खूण आता कोणाला दिसायची नाही. माणसाच्या आत जाणार."

वकील चालू लागले. काठी घेऊन, मग काठीशिवाय.

मग इस्पितळातल्या कंपाउंडरने बाजारात सांगितलं की स्क्रू जिनगराच्या घरचे. वकिलांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. व्याही म्हणाले, आधी हे निस्तरा. शास्त्रीबुवांनी निकाल दिला. साहेबाचा हात लागला तो औषध म्हणून, त्याला दोष नाही. लोखंड विलायती असेल तर त्यालाही दोष नाही. पण जिनगराच्या घरात, ओल्या हाडांवर घासलेलं लोखंड आपल्या माणसाच्या अंगात? समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला हेच शास्त्रीबुवा प्रायश्चित्त देत. समुद्र ओलांडून आलेलं लोखंड त्यांना चालत होतं. गल्ली ओलांडून आलेलं चालत नव्हतं.

वकिलांनी बाबांना बोलावून घेतलं. "एक वाक्य आहे. उद्या पंगतीसमोर बोल आणि मोकळा हो. नाही बोललास तर या गावातलं एक घड्याळ तुझ्याकडे येणार नाही."

बाकीचं वर सांगितलं आहे.

घरी येऊन बाबांनी हात धुतले. स्क्रूवर आटे पाडायची भोकांची पोलादी पट्टी फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. मला म्हणाले, "एक वाक्यच तर होतं, बयो."

दोन महिने गेले. खाडीपलीकडच्या मिठागरात मिठाच्या गोण्या होडीत चढवताना फळी निसटली आणि एका आगरी बाईची नडगी मोडली. तिरपी. वकिलांसारखीच. तिचं हाड मात्र कातडीबाहेर आलं होतं. साहेबाचा शिपाई चिठ्ठी घेऊन आला. पूर्वीसारखेच तीन स्क्रू, उद्यापर्यंत. मी ती वाचून दाखवली.

बाबा लेथसमोर बसले होते. पाय लेथच्या खालच्या फळीवर, पण फळी हलत नव्हती.

"लिही," ते म्हणाले. "असले स्क्रू आम्ही करत नाही. ते विलायतेहून येतात."

"बाबा, पण..."

"तुळस हातात घेतलीय मी. लिही."

मी लिहिलं. इंग्रजीत. दोन वाक्यं. शाळेतली मडमीण माझ्या अक्षराचं कौतुक करायची. त्या चिठ्ठीत एकही चूक नव्हती.

साहेबाने स्क्रूसाठी मुंबईला माणूस धाडला. तो हात हलवत परत आला. चौथ्या दिवशी जखम काळी पडली. पाचव्या दिवशी पाय कापला.

पुढच्या आठवड्यात धार लावलेल्या कात्र्या पोचवायला मी इस्पितळात गेले. ती बाई दाराजवळच्या खाटेवर होती. तिशीची असेल. पांघरूण एका बाजूला सपाट पडलं होतं. तिने मला हाक मारली.

"बाय गो, तू जिनगराची ना? तुज्या बापानं त्या वकिलाचा पाय जोरला ना?"

मी कात्र्यांचं पुडकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"मंग माजा कां नाय जोरला गो?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरोखरच विचारत होती. मी कात्र्या टेबलावर ठेवल्या आणि बाहेर आले. खाडीच्या काठाने चालत राहिले. चालता चालता मला ते कळलं.

खाडीपलीकडच्या मिठागरात मीठ ओढणाऱ्या बाईला ठाऊक होतं स्क्रू कोणी केले. म्हणजे ओसरीवर बसलेल्या बावीस जणांनाही ठाऊक होतं. शास्त्रीबुवांना ठाऊक होतं. व्याह्यांना ठाऊक होतं. त्या शपथेने कोणीही फसलं नव्हतं. त्यासाठी ती नव्हतीच. आम्ही केलेलं आम्ही केलं नाही, हे आमच्याच तोंडून त्यांना ऐकायचं होतं. मोठ्याने. मागच्या पानापर्यंत. आणि त्यांचं जेवण झालं, हात धुऊन ते घरी गेले. ती शपथ खरी मानणारे सगळ्या ठाण्यात आम्ही दोघंच होतो. तिची किंमत एका तिसऱ्याच बाईने दिली. चिठ्ठी माझ्या अक्षरात होती.

घरी आले. शिडी लावली. माळ्यावरून पट्टी काढली.

बाबा म्हणाले, "ठेव ती. शपथ घेतलीय."

"तुम्ही घेतलीत. मी नाही."

ते उठले नाहीत. मला अडवलंही नाही. मी चार दिवस लेथवर बसले. पाय पुरत नव्हता म्हणून खाली वीट ठेवली. तीन स्क्रू केले. पहिले दोन टाकून द्यावे लागले, तेही परत केले. तिन्हींच्या डोक्यावर दोन ओरखडे आणि एक टिंब केलं. कोणाचाही पाय मोडलेला नव्हता. मी ते इस्पितळात घेऊन गेले आणि साहेबाच्या टेबलावर ठेवले. इस्पितळाच्या ओसरीवर तेव्हा बरीच माणसं बसली होती. मी मराठीतच बोलले, त्यांना कळावं म्हणून.

"हे ठाण्यात झालेत. जिनगराच्या घरी. मी केलेत. वकिलांच्या पायातलेही आमचेच आहेत. मागची चिठ्ठी खोटी होती आणि ती मी लिहिली होती."

साहेब मोडक्या मराठीत म्हणाला, "आम्हाला माहीत होता. तुमच्या लोकांच्या भानगडीत आम्ही पडत नाही." आणि स्क्रू ट्रेमध्ये टाकले. त्यालाही माहीत होतं. एवढं माहीत असून त्याने चार दिवस मुंबईच्या वाटेकडे बघितलं, आणि बाजारामागच्या गल्लीपर्यंत चालत आला नाही.

पुढचं थोडक्यात. महिन्याभरात बड्या घरांची घड्याळं आमच्याकडून गेली. आईने तांब्याची भांडी एकेक करून विकायला काढली. बाबांनी मला दोष दिला नाही आणि शाबासकीही दिली नाही. पट्टीला त्यांनी मरेपर्यंत हात लावला नाही. पण मी कानस चालवत असले की मागे भिंतीला टेकून बसत. कानशीचा आवाज चुकला की खोकत. तेवढंच. मी थांबून बघे, तर खरंच आटा बिघडलेला असे. तिसऱ्या वर्षी तो खोकला थांबला. मी अजून कधी कधी हात थांबवून वाट बघते.

वकील पुष्कळ वर्षं जगले. त्यांना जाळल्यावर तिसऱ्या दिवशी राख सावडताना तीन स्क्रू मिळाले, असं स्मशानातल्या माणसाने मला सांगितलं. मुलाने ते अस्थींत ठेवले नाहीत. काठीने बाजूला सारले.

आणि ती बाई. मी तिच्या घरी गेले होते. ती उंबऱ्यात बसून जाळं विणत होती. मी सगळं खरं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "जा बाय आता," एवढंच म्हणाली. तिने मला माफ केलं असं मी तुम्हाला सांगणार नाही. केलं नाही.

आता पत्राचं उत्तर.

धाकट्या, तू लिहितोस की रंगूनच्या कचेरीत तू जिनगर हे आडनाव टाकून दुसरं घेतलं आहेस. आपलं घराणं मुंबईतल्या घड्याळांच्या व्यापाऱ्यांचं, असं तिथे सांगितलं आहेस. कचेरीत डाक सगळ्यांसमोर नावं वाचून वाटतात, म्हणून मी पाकिटावर नवं आडनाव घालावं. शेवटी लिहितोस, "एक शब्दच तर आहे, आजी."

तुझी अडचण मला कळते. ती खोटी नाही. तिथे तुला काय ऐकावं लागतं, ते तू लिहिलं नाहीस तरी मला ऐकू येतं. पण हेही ऐक. त्या कचेरीतल्या माणसांना आपण कोण ते आज ना उद्या कळेल, कदाचित आत्ताच कळलं असेल. तरी ते तुझ्या तोंडून नवं आडनाव ऐकत राहतील आणि जेवत राहतील.

माझं इंग्रजी अक्षर अजून चांगलं आहे. हात कापत नाही. या अक्षरात मी एकदा खोटं लिहिलं. या पाकिटावर मी आपलं आडनाव लिहिलं आहे, ठळक, दोन्ही बाजूंनी. यापुढच्या प्रत्येक पाकिटावर तेच असेल. नव्या आडनावाने आलेलं पत्र मी न फोडता परत पाठवीन.

डाक वाटणारा ते मोठ्याने वाचेल.

वाचू दे.