सराव शाळेतलं चुकलेलं उत्तर

सराव शाळेतली मुलं आपल्याकडे कशी बघतात, हे मला पहिल्याच पाठाला समजलं. चौथीचा वर्ग, चाळीसेक मुलं, मांडी घालून पट्ट्यांवर बसलेली. मी पाठाच्या टाचणाची वही उघडली, प्रस्तावनेचे चार प्रश्न विचारले आणि पुढे काय ते विसरले. तेव्हा मागच्या रांगेतून एका मुलीचा बारीक आवाज आला.

"बाई, फळो रवलो."

फळ्यावर पाठाचं नाव लिहायचं राहिलं होतं. मी वळून लिहिलं. कोणी हसलं नाही. मुलांच्या तोंडावर नुसता समंजसपणा होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

ट्रेनिंग कॉलेज मालवणात होतं आणि ही शाळा त्याला जोडलेली. पन्नासचं दशक संपत आलं होतं. सातवीची फायनल पास झालेली आम्ही पोरं-पोरी तिथे दोन वर्षं राहून मास्तर आणि बाई व्हायचो. सकाळी कॉलेजात अध्यापनाच्या पद्धती घोकायच्या आणि दुपारी या मुलांवर त्या करून बघायच्या. दर आठवड्याला नवा चेहरा, नवा आवाज, तेच पाठ. ससा-कासव, भरती-ओहोटी, हातच्याची वजाबाकी. आमच्या आधीच्या तुकडीने शिकवलेलं आम्ही शिकवायचो, आमच्यानंतरची तुकडी पुन्हा तेच शिकवणार. कोणत्या प्रश्नाला हात वर करायचा, चित्र काढल्यावर "अहा" कधी म्हणायचं, हे मुलांना पाठ झालं होतं. वर्गाचे मास्तर म्हातारे, शांत. ते म्हणत, "माझ्या पोरांनी कितीतरी मास्तर तयार केले, बाई." तेव्हा मला ती थट्टा वाटे.

मागच्या रांगेतली ती मुलगी दहा-अकरा वर्षांची असेल. बाप गलबतावर, वर्षातले आठ महिने बाहेर. आई मासे विकी. मुलगी सकाळी आईबरोबर रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावर मोठं जाळं ओढतात तिथे, जाऊन मग शाळेत यायची, तेव्हा तिच्या परकराला वाळू लागलेली असे. स्वतःहून ती कधी फारसं बोलत नसे. पण एखाद्या नव्या बाईचा पाठ अडला की तिच्याकडून हळूच एक शब्द यायचा. "चित्र", "उजळणी", "घरचो अभ्यास". पाठाच्या पायऱ्या तिला आमच्यापेक्षा चांगल्या येत. एकदा मी तिला विचारलं, "तू मोठेपणी बाई होणार का गो?" ती म्हणाली, "मी आताच आसंय." आणि लाजून पळाली.

माझी गोष्ट बिकट होती. माझं घर खारेपाटणच्या आत, डोंगरातल्या एका वाडीत. वडील नव्हते. काकांनी कॉलेजात पाठवलं ते एका अटीवर. नापास झाले तर परत यायचं, आणि त्यांनी बघून ठेवलेल्या बिजवराशी लग्न करायचं. तो माणूस मी एकदा पाहिला होता. तो वाईट नव्हता. पण त्याची मोठी मुलगी माझ्याच वयाची होती. लेखी परीक्षेची मला भीती नव्हती. पाठ मात्र माझे बहुतेक पडत. वर्गासमोर उभी राहिले की पुढचं आठवत नसे. सहा सरावपाठांपैकी चार पाठांवर 'असमाधानकारक' असा शेरा होता. उरला होता वार्षिक पाठ, बाहेरच्या परीक्षकांसमोर. त्यावरच सारं अवलंबून होतं.

माझ्या वाट्याला अपूर्णांकाचा पाठ आला. मी तांदळाच्या दोन सारख्या भाकऱ्या फडक्यात बांधून नेल्या. परीक्षक पांढऱ्या टोपीतले, करड्या मिशांचे. ते मागे खुर्चीवर बसले, शेजारी आमच्या कॉलेजचे मास्तर. मी एका भाकरीचे तीन भाग केले, दुसरीचे चार. विचारलं, "तिसरा हिस्सा मोठा की चौथा?"

चाळीस हात वर. "तिसरा!" वर्ग एका आवाजात ओरडला.

"का बरं?"

"भाग जास्त केले की प्रत्येक भाग लहान होतो!" पुन्हा एका आवाजात, एक शब्द इकडचा तिकडे नाही. गेल्या वर्षी कुणीतरी शिकवलेलं, त्याच्या आदल्या वर्षीही शिकवलेलं वाक्य.

परीक्षकांनी लिहिता लिहिता मान वर केली. "बाई," ते म्हणाले, "यांना हे येतंच आहे. मग तुम्ही शिकवणार काय?"

माझा पाठ तिथेच संपला होता आणि घड्याळात अजून पंचवीस मिनिटं होती. कॉलेजच्या मास्तरांनी खाली बघितलं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून हात वर आला. तिचाच. मी नुसती मान हलवली.

ती उभी राहिली आणि शाळेतल्या मराठीत, जरा मोठ्याने म्हणाली, "बाई, माझ्या मते चौथा हिस्सा मोठा. चार तिनापेक्षा मोठे असतात."

दोन-चार मुलं फिस्सकन हसली. परीक्षक पुढे वाकले. मी तिला पुढे बोलावलं. भाकरीचे तुकडे तिच्या हातात दिले, एकावर एक ठेवायला सांगितले. ती चुकत-माकत करत होती, मधेच अडत होती, पुन्हा चुकीचं सांगत होती. मी समजावत होते आणि टाचणाची वही मिटलेलीच होती. मी पहिल्यांदा कुणाला तरी खरोखर शिकवत होते. शेवटी तिने दोन तुकडे शेजारी धरले, डोळे मोठे केले आणि म्हणाली, "कळलं, बाई!" परीक्षकांनी खुर्चीवरून "छान!" म्हटलं.

जाताना त्यांनी शाळेच्या हेडमास्तरांना सांगितलं, "बाईंनी मंद मुलीला चांगलं हाताळलं. त्या मुलीकडे मात्र लक्ष द्या. चौथीच्या मानाने फार कच्ची आहे." हे मी दाराशी उभी राहून ऐकलं.

चौथीचा निकाल तेव्हा वर खात्याकडे जाई आणि साहेबाचा शेरा म्हणजे हेडमास्तरांना ब्रह्मवाक्य. चार दिवसांनी कळलं की त्या मुलीला पुन्हा चौथीतच बसवणार.

वर्गाच्या मास्तरांनी मला शाळेच्या पडवीत गाठलं. वर्गात ते शुद्ध बोलत, बाहेर आपल्या बोलीत.

"बाई, रोज आवशीबरोबर रापणीर माशांचे वाटे घालता ता चेडू. तेका तिसरो हिस्सो कळना नाय? तुमका खरा वाटता?"

"नाही," मी म्हटलं.

"मगे हेडमास्तरांका जावन सांगा. माजा ते ऐकूचे नाय. म्हणतत, साहेब काय खोटा बोलतलो? तुमी सांगलास तर ऐकतले. पाठ तुमचो होतो."

मी म्हटलं, सांगते. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की माझा पाठ एका पोरीने वाचवला? माझा निकाल अजून लागायचा होता. मी मास्तरांना म्हणाले, "निकाल लागू दे. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगते."

मास्तर रागावले नाहीत. "बरा," एवढंच म्हणाले.

निकाल लागला. मी पास झाले. त्याच आठवड्यात बांद्याजवळच्या एका एकशिक्षकी शाळेवर नेमणुकीचा हुकूम आला आणि मी ट्रंक बांधली. हेडमास्तरांच्या खोलीवरून दोनदा गेले. दार उघडं होतं. दुसऱ्या वेळी त्यांनी वर बघून विचारलंसुद्धा, "काय बाई, काही काम?" मी म्हटलं, "नाही. निघते आहे, म्हणून नमस्कार करायला आले." नमस्कार केला आणि निघाले.

पुढे मास्तरांच्या पत्रातून कळलं. नापास झाली म्हणून आईने तिला शाळेतून काढलं.

त्यानंतरची वर्षं कशी गेली हे सांगणं कठीण आहे, कारण बाहेरून ती चांगलीच गेली. शाळा वाढली, मी कायम झाले, काकांना माझं कौतुक वाटू लागलं. पण वर्गात एखादं मूल चुकलं की ते खरंच चुकलं की मला सांभाळून घेतंय, हे मी त्याच्या डोळ्यांत शोधत बसे. बिचारं मूल घाबरून रडायला लागे. अपूर्णांकाच्या दिवसांत मागच्या भिंतीशी कुणीतरी बसलंय असं वाटे. एक मुलगी जास्त. मी पट मोजायची, आकडा बरोबर यायचा, तरी पुन्हा मोजायची. एकदा तर मी त्या भिंतीकडे बघून "बस खाली" म्हणाले. मुलांनी वळून बघितलं. तिथे कोणी नव्हतं.

आठ-नऊ वर्षांनी वेंगुर्ल्याला शिक्षकांचं शिबिर होतं. तिथे ते म्हातारे मास्तर भेटले, निवृत्त झालेले. मी त्या मुलीबद्दल विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं, "तेचा लगीन झाला. शिरोड्याक दिला. घोव नि ता मिठागरात कामाक जातत."

दुसऱ्या दिवशी दुपारी शिबिर चुकवून मी शिरोड्याच्या गाडीत बसले.

मिठागरात ऊन डोळ्यांत घुसत होतं. आठ-दहा बाया मिठाचा ढीग करत होत्या. मी ओळखायच्या आधी तिनेच मला ओळखलं. डोक्यावरची टोपली खाली ठेवली, पाय पुसले.

"बाई! तुमी हयसर खंय?"

"तुका भेटूक इलंय."

ती हसली. कडेला माडाच्या झापांच्या सावलीत आम्ही बसलो. तिने मला पाणी दिलं. मी इतकी वर्षं मनात जुळवलेलं सगळं विसरले आणि सरळ विचारलं, "त्या दिवसा तू मुद्दाम चुकलस ना गो?"

तिला लगेच कळलं कोणता दिवस. "नाय ओ बाई. माका खराच येय नाय होता. मी ढच होतंय. म्हणान तर नापास झालंय."

"तू रापणीर वाटे घालीस."

"ता हातान करूचा काम. शाळेतला येगळा."

हे ती इतक्या सहज बोलली, जणू आपलं गाव सांगावं. मी तिला सगळं सांगितलं. हेडमास्तरांचं उघडं दार, माझा नमस्कार, काहीच न बोलता निघून येणं. सांगताना मला रडू आलं. ती पदराने वारा घालत म्हणाली, "रडा नुको. तेवा पण तुमी बावीकडे रडत होतास. मी बगलेलंय."

पाठाच्या आधी शाळेमागच्या विहिरीच्या आडोशाला उभी राहून मी रडले होते. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. वर लिहितानाही गाळलं.

"म्हणजे तू..." मी म्हटलं.

तिने मान फिरवली. "सोडा ता, बाई. मुकादम बगता."

ती उठली, चुंबळ डोक्यावर ठेवली. दोन पावलं जाऊन थांबली. "बाई, तुमी आजून शाळेत शिकयतास?"

"हो."

"बरा झाला," ती म्हणाली आणि टोपली उचलून बाकीच्या बायांत मिसळली.

पुढच्या वर्षी मी पुन्हा गेले. या वेळी पाटी, चौथीची पुस्तकं नेली होती. तिची इच्छा असली तर बाहेरून परीक्षेला बसवायचं ठरवून गेले होते. शेजारणीने सांगितलं, दोघं नवरा-बायको गोव्याला खाणीवर गेली. कोणत्या खाणीवर, ते कोणालाच माहीत नव्हतं. मी पुस्तकं शेजारणीच्या मुलीला दिली आणि वेंगुर्ल्याची गाडी पकडली. तिथून पुढे बांद्याला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. सोमवारी माझ्या वर्गात अपूर्णांक सुरू होणार होते.