आपन जिकलो का?

लग्नानंतर बरीच वर्षं आमच्या घरात 'आम्ही' या एका शब्दावरून माझे आणि ह्यांचे खटके उडायचे. हे राष्ट्रीय क्रिकेट संघाबरोबर फिरायचे, पण खेळाडू म्हणून नाही. सरावात फलंदाजांना जवळून चेंडू फेकत राहायचं, ते थ्रोडाउनचं काम ह्यांचं. हातात एक लांब दांड्याचं प्लास्टिकचं साधन असतं, त्याच्या टोकाच्या वाटीत चेंडू बसवून भिरकावला की सुसाट जातो. माझ्या सासूबाई त्याला पळी म्हणतात. सामन्याच्या वेळी टीव्हीवर हे दिसायचे नाहीत. दिसलेच तर सीमारेषेबाहेर, पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्याआड, तेही अर्धेच.

सामना संपला की ह्यांचा फोन यायचा. "आम्ही जिंकलो."

"अहो, सगळा देश 'आपण जिंकलो' म्हणतोय. तुम्ही आम्हाला कुठे टाकलंत?" असं मी म्हणायचे. हे हसायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. त्या 'आम्ही'त ड्रेसिंग रूम होती, बस होती, खांदा शेकायला बसलेली मंडळी होती. चंदनसारचा आमचा फ्लॅट त्यात नव्हता, मी नव्हते, राजोडीला एकट्या राहणाऱ्या सासूबाईही नव्हत्या. मला राग यायचा. अभिमान त्याहून जास्त वाटायचा, पण तो मी बोलून दाखवत नसे.

मग मुख्य प्रशिक्षकांची मुदत संपली आणि नवे आले. नवा प्रशिक्षक आला की तो आपल्या विश्वासाची माणसं घेऊन येतो. त्यात गैर काही नाही. मीसुद्धा या घरात आल्यावर आधी स्वयंपाकघरातले डबेच हलवले होते. बातम्यांत रोज चर्चा चालायची, फलंदाजीला कोण, गोलंदाजीला कोण, क्षेत्ररक्षणाला कोण. थ्रोडाउनला कोण, हा प्रश्न जगात फक्त आमच्या घरात होता, आणि तोही कोणी मोठ्यानं विचारत नव्हतं. हे अगदी निवांत असल्यासारखे वावरायचे. फक्त फोनचा आवाज पूर्ण वाढवलेला असायचा आणि आंघोळीला जातानासुद्धा तो बरोबर न्यायचे. मी विचारलं असतं तर "कसला फोन?" म्हणाले असते, म्हणून नाही विचारलं.

एका दुपारी मी मेथी निवडत बसले होते, तेव्हा फोन आला. हे बाल्कनीत गेले. "हो सर. समजू शकतो सर. थँक यू सर." एवढंच मला ऐकू आलं. आत आले आणि माझ्यासमोर बसून मेथी निवडायला लागले. जन्मात कधी मेथीला हात लावला नव्हता.

"माझ्या जागी नव्या सरांचा माणूस घेतलाय," देठ खुडता खुडता म्हणाले. "चांगला आहे गं तो. दोन्ही हातांनी फेकतो."

कोणाला तरी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. हे पानं केरात टाकत होते आणि देठ भांड्यात. मी पानं परत भांड्यात आणि देठ केरात टाकत राहिले.

पोटापाण्याची काळजी नव्हती. वसईतल्या एका मैदानावर मुलांना शिकवायचं काम लगेच मिळालं. काळजी वेगळीच लागली. पहिल्या सामन्याच्या दिवशी हे म्हणाले, "त्यांची मॅच आहे ना आज," आणि स्कूटर घेऊन कुठेतरी निघून गेले. ते 'त्यांची' माझ्या फार जिव्हारी लागलं. 'आम्ही'तून त्यांना बाहेर काढलं होतं आणि आमच्या 'आपण'मध्ये येऊन बसायला ते तयार नव्हते. मग प्रत्येक सामन्याला त्यांना काहीतरी काम निघायचं. हा माणूस आता कोणाचाच राहणार नाही की काय, अशी मला भीती वाटायला लागली.

एका रविवारी आम्ही राजोडीला गेलो. सासूबाई लुगड्यावर ह्यांचं संघाचं जुनं जॅकेट घालून वांग्यांना पाणी घालत होत्या. पळीसुद्धा आता तिथेच होती. ह्यांनीच नेऊन दिली होती, आणि सासूबाई तिनं पेरू पाडायच्या. दुपारी मी आणि त्या टीव्हीसमोर बसलो. हे बाहेर पाण्याचा पंप खोलून बसले.

सासूबाईंना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. टाळ्या वाजल्या की विचारतात, "आपन जिकलो का?" पूर्वी सामन्यानंतर फोनवर हेच विचारलं की हे हसत हसत सुधारायचे, "आपण नाही गं आई, आम्ही." त्यावर त्या म्हणायच्या, "त्येच ते."

सामना शेवटच्या षटकापर्यंत आला, आणि माझं लक्ष दाराकडे गेलं. हे चौकटीला टेकून उभे होते, हात ग्रीसनं काळे. गोलंदाज धावत आला की ह्यांचा उजवा खांदा किंचित हलायचा. एक चेंडू फलंदाजाच्या पायांवर आत आला आणि त्यानं तो अलगद वळवून सीमेपार धाडला.

"हाच," हे स्वतःशीच म्हणाले. "हाच बॉल त्याला टाकत राहायचो. वैतागायचा माझ्यावर."

सामना संपला होता. मैदानावर सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. मागे, बाटल्यांच्या खोक्याआड, एक माणूस अर्धाच दिसला आणि कॅमेरा पुढे सरकला. ह्यांनी तो बघितला, हे मी बघितलं.

"आपन जिकलो का रं?" सासूबाईंनी विचारलं.

ह्यांच्याकडे बघायचं मला धाडस होईना. मी टीव्हीकडेच बघत राहिले.

"हो आई," हे म्हणाले. "आपण जिंकलो."

मग आत येऊन आमच्या दोघींच्या मध्ये बसले. सासूबाईंनी त्यांचा उजवा हात ओढून घेतला आणि त्या जॅकेटच्याच बाहीनं ग्रीस पुसायला लागल्या. इतकी वर्षं भांडून मागितलेला शब्द मला अखेर मिळाला होता. शक्य असतं, तर त्यांचा 'आम्ही' मी तिथल्या तिथे त्यांना परत दिला असता.